एका घावाचा कोहळा

माझा भाऊ रघु म्हैसूरजवळच्या बोगादीत सगळ्यांना ठाऊक आहे. गच्चीवर पाणी तापवायचे सोलर बसवतो, दुरुस्त करतो. कुणाचा पाइप फुटू दे, टाकी गळू दे, पहिला फोन रघुला. चार मजली इमारतीच्या कठड्यावर उभा राहून खाली माझ्याशी गप्पा मारेल, इतका निधडा. पण तोच रघु अप्पांसमोर आला की फळ्यापाशी उभं केलेल्या पोरासारखा होतो. वय शेहेचाळीस, कानशिलावरचे केस पांढरे, बायको सुष्मा बँकेत, मुलगी नव्या इंजिनिअरिंगला. तरी. मी त्याची थोरली बहीण, विद्याश्री. दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळं सांगते ते ऐकीव नाही.

अप्पा म्हणजे आमचे वडील, जगन्नाथराव. म्हैसूरच्या घोडेस्वार पोलिसांत दफेदार होते. दसऱ्याच्या मिरवणुकीत घोड्यावर ताठ बसलेले अप्पा बघायला आम्ही दोघं सकाळपासून रस्त्याच्या कडेला जागा धरून बसायचो. घोडा नीट चालला की अप्पा त्याच्या मानेवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "शाब्बास, राजा." रघु मला म्हणायचा, "अक्का, पुढच्या जन्मी मी घोडा होणार." मी हसायची, पण तो खरंच म्हणत होता.

मला अप्पांची शाब्बासकी कायम फुकट मिळाली. चपाती गोल आली, शाब्बास. रांगोळी जमली, शाब्बास. मुलीकडून त्यांना काही हवंच नव्हतं, मग जे मिळेल त्याचं कौतुक. रघुचं तसं नाही. दहावीला फर्स्ट क्लास आणला तर म्हणाले, "गणितात काय झालं?" बोगादीतलं घर त्यानं स्वतः उभं राहून बांधून घेतलं, आईअप्पांना तिथं आणलं, तर वास्तुशांतीच्या दिवशी अप्पा म्हणाले, "जिना जरा अंधारा झाला." त्यांच्या अंघोळीसाठी सोलर बसवला, चांगलं कढत पाणी येतं, तर म्हणे, "बंबाच्या पाण्याची गोष्ट वेगळी." अय्यो, ह्या माणसाला देवानं दर्शन दिलं असतं तरी उशीर का केला म्हणून विचारलं असतं. आमची आई, इंदिराबाई, शेजारीच असायची, पण तोंडात मिठाची गुळणी धरून. आणि रघु "हो अप्पा" म्हणून कामाला निघून जायचा.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजांकडं शिपाईगिरी करायला आले आणि इथलेच झाले. शिपाईगिरी गेली, मराठीत निम्मं कन्नड शिरलं, पण घरात एक तलवार राहिली. वर्षभर ती अप्पांच्या कपाटात तेल लावून, जुन्या धोतरात गुंडाळून असते. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, बाहेर निघते. त्या दिवशी सगळं म्हैसूर गाड्यांना झेंडूचे हार घालतं आणि रस्त्यावर कुंकू घालून कोहळे फोडतं. दुसऱ्या दिवशी लोकांच्या स्कूटर त्याच्यावरून घसरतात. आमच्याकडं कोहळा आपटत नाहीत. केळीच्या खांबाच्या तुकड्यावर ठेवून तलवारीनं कापतात, एका घावात. घाव घरातल्या कर्त्या पुरुषाचा. अर्ध्यावर अडकला तर वर्ष वाईट जातं म्हणतात. अप्पांचा कधी अडकला नाही. आणि रघुच्या हातात त्यांनी ती तलवार कधी दिली नाही, पुसायलासुद्धा नाही.

रघु तोंडानं काही बोलायचा नाही. पण दर नवमीला घाव झाला की तो अप्पांच्या तोंडाकडं बघायचा, आता तरी म्हणतील, पुढच्या वर्षी तू घाल. अप्पा तलवार पुसायचे, गुंडाळायचे आणि चुरमुरे मागायचे. आयतु, झाली नवमी. हे मी माझ्या लग्नाच्या आधीपासून बघत आले आहे.

यंदा वैशाखात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. वाचले. बोलणंही शाबूत राहिलं. पण उजवा हात गेला तो पुरता परत आला नाही. घास उचलताना थरथरतो, पेला सांडतो, आणि सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तसं, कुणी भरवायला गेलं की डोळे वटारतात. ह्या हातानं नवमीला तलवार उचलवणार नाही हे घरात सगळ्यांना दिसत होतं. मग कोण उचलणार, हे विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

श्रावणात एका दुपारी रघु माझ्याकडं आला. एका पिशवीत कोहळे आणि काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

"अक्का, तुझी गच्ची पाहिजे," म्हणाला.

पोतं सोडलं तर आत लोखंडाचं पातं. लॉरीच्या स्प्रिंगचा पाटा लोहाराला देऊन तलवारीच्या लांबीचं, तेवढ्याच वजनाचं करून घेतलेलं.

"वजन तुला काय माहीत? तू तर कधी हात लावला नाहीस."

"आईनं कपाट आवरताना बाजूला ठेवली होती. तेव्हा उचलून बघितली." चोरी कबूल केल्यासारखं बोलला.

"आणि अप्पांनी तुला सांगितलंच नाही तर? सुम्नेच, उगाच घाम गाळणार उन्हात?"

"आणि सांगितलं तर? ऐन वेळी म्हणाले, घे रघु, आणि माझा अडकला तर? त्यांच्यासमोर?"

मी गच्चीची किल्ली काढून दिली.

पहिला कोहळा कापला गेलाच नाही, पात्याचा धक्का लागून गडगडत टाकीपर्यंत गेला. दुसऱ्यात पातं अर्ध्यावर रुतलं आणि रघु ते कोहळ्यासकट उचलून उभा राहिला. मला हसू आवरेना. त्याच्या डोळ्यांत पाणी बघितलं तेव्हा आवरलं. त्यानंतर तो रोज येऊ लागला, कामावरून परस्पर. हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर पट्टी बांधून पुन्हा. बाजारातले कोहळेवाले त्याला हॉटेलवाला समजायला लागले.

आमच्यात अख्खा कोहळा बाईनं कापायचा नसतो. कोहळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, त्याच्यावर आईबहिणीनं विळी चालवू नये, असं आई सांगते. पण रघुनं पहिला घाव घातला की पुढचं सगळं माझ्या बोकांडी. कोहळ्याची भाजी, कोहळ्याचं ताकातलं सांबार, कोहळ्याचे सांडगे, कोहळ्याचा हलवा. शेजारीपाजारी वाटून झालं. शेवटी माझ्या नवऱ्यानं, दिलीपनं, ताट पुढं सरकवलं आणि म्हणाला, "आवळा देऊन कोहळा काढतात असं ऐकलं होतं. आपण गावाला कोहळा देऊन काय काढतोय ते तरी सांग." मी म्हटलं, जेवा गप.

एकदा हलवा अप्पांना नेऊन दिला. डाव्या हातानं चमचा धरून खाल्ला. "छान झालाय, शाब्बास," म्हणाले. मग थांबून, "तुझ्याकडं हल्ली कोहळा फार होतो."

"बाजारात चांगले आलेत, अप्पा."

"हं," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. रघुला हे सांगितलं असतं तर त्या रात्री तो झोपला नसता, म्हणून सांगितलं नाही. झोपत तसाही नव्हताच. जयलक्ष्मीपुरमला एका प्रोफेसरांकडं व्हॉल्व्ह उलटा बसवून आला, त्यांच्या अंगणात गरम पाण्याचं तळं झालं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सुष्मा मला फोन करून विचारायची, "अक्का, ह्यांना कसली काळजी लागलीय? मला सांगत नाहीत." मी तरी काय सांगू, म्हटलं, दसरा झाला की ठीक होईल.

भाद्रपद संपेपर्यंत बहुतेक कोहळे एका घावात जायला लागले. पण मधेच एखादा अडकायचा, आणि त्या एकानं त्याचा सगळा धीर जायचा. चांगले कापलेले त्याला दिसायचेच नाहीत. अडकलेलाच तेवढा हातात घेऊन बसायचा, फिरवून फिरवून बघायचा. मी त्याला म्हटलं, "तू आता थेट अप्पांसारखा वागायला लागलायस." त्याला राग आला. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

नवरात्र बसलं. अप्पा नवमीबद्दल अवाक्षर काढेनात. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. आणि सातव्या माळेला रघु माझ्या दारात आला तो असा की मला वाटलं अप्पांना काही झालं.

"सुधींद्रला बोलावलंय," म्हणाला. "नव्यालाच फोन लावायला सांगितला. म्हणाले, नवमीला सकाळी ये, तूच ये, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस."

सुधींद्र म्हणजे आमच्या गंगाधरकाकांचा मुलगा. सरगूरला शेती करतो. खांदे असे की आमच्या दारातून तिरका होऊन आत येतो.

"त्याचा अडकणार नाही," रघु म्हणाला. मग जिन्यावरच बसला. "अक्का, मी काय कमी केलं गं? मी आजवर त्यांना एकदाही उलट बोललो नाही. एकदा तरी त्यांनी मला चांगलं म्हणावं, एवढंच ना? शेहेचाळीस वर्षांच्या माणसानं असं रडू नये, कळतं मला. पण काय करू?"

माझा राग नाकावरच असतो, त्या दिवशी तो डोक्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा झोपलेले बघून मी आईला गाठलं. ती पुढच्या खोलीत नवमीसाठी शेवंतीच्या माळा करत बसली होती.

"आई, तू एकदा तरी तोंड उघड. पोटच्या पोराला सोडून पुतण्याला बोलावतात? एवढा का तो नकोसा झालाय?"

"सुधींद्र कोहळा घेऊन येतोय," आई म्हणाली. "गंगाधरच्या परसातलाच ह्यांना हवाय. बाजारचा नको, परक्या हातानं आणलेला नको म्हणाले. घाव घालायला नाही बोलावलं त्याला."

"मग घाव कोण घालणार?"

"रघु."

मला खरं तर उठून नाचावंसं वाटायला हवं होतं. पण आईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, माळेवर.

"तुझ्या आजोबांनी, भुजंगरावांनी, अशीच एका नवमीला ह्यांच्या हातात तलवार दिली," ती म्हणाली. "दिवाळीला ते नव्हते. त्यांच्या वडलांचंही तसंच झालं म्हणतात. आपल्या घरात तलवार दिली की माणूस दिवाळी बघत नाही. म्हणून हे देत नव्हते. मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, आणि कुणाला बोलू नको म्हणून शपथ घातली. भित्रा माणूस आहे गं हा. घोड्यावर बसायचे म्हणून कुणाला दिसलं नाही."

"म्हणजे इतकी वर्षं रघु समजत होता की आपण नालायक आहोत, आणि हे मरणाला भीत होते?"

"आता म्हणतात, हात गेलाच आहे, मीही जातो. काल कपाट उघडून कुठली वस्तू कुणाला द्यायची ते मला सांगत होते. अगदी शांतपणे सांगत होते." तिनं पदरानं डोळे पुसले. "रघुला सांगू नकोस. सांगितलंस तर तो तलवार घेणार नाही. आणि त्यानं नाही घेतली तर हे म्हणतील, पोरगा भ्याला."

मी घरी आले ती जीव टांगणीला लावूनच. सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. पुढं अप्पांना काही झालं आणि नंतर रघुला कळलं असतं, तर त्यानं स्वतःलाच खुनी ठरवलं असतं. माझ्या पोटात तसंही काही राहत नाही. संध्याकाळी तो गच्चीवर शेवटचा सराव करायला आला, पातं उचललं, आणि मी सगळं सांगून टाकलं.

त्यानं पातं खाली ठेवलं.

"मला नको ती तलवार," म्हणाला.

"जन्मभर झुरलास की तिच्यासाठी."

"मी काय मागत होतो ते मला कुठं माहीत होतं?"

"नको म्हणालास तर त्यांना वाटेल, तू भ्यालास."

"भ्यालोच आहे, अक्का," रघु म्हणाला. "आधी अडकेल म्हणून भीत होतो. आता न अडकता गेला तर काय, ह्याची भीती वाटते."

नवमीला सकाळी सुधींद्र आला. कोहळा असा की दोन्ही हातांत मावेना, वर पांढरी राख फासल्यासारखा. सुष्मानं अंगण सारवून रांगोळी घातली होती, रघुच्या सामानाच्या गाडीला हार होता, पान्हे आणि ड्रिल पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. अप्पा खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, आईनं बांधलेला फेटा. तोंड अगदी उतरलेलं. मी त्यांच्याकडं बघायची आणि मग रघुकडं, आणि मला कळत नव्हतं कुणाची जास्त काळजी करू. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नव्यानं विचारलं, "एन् आयतु, काय झालं, सगळे असे का बसलेत?" तर सुष्मानं तिला गप्प केलं.

पूजा अप्पांनी डाव्या हातानं केली. कापूर लावला. आईनं तलवार आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांवर उचलली. उजवा हात इतका थरथरत होता की मूठ खुर्चीच्या दांड्यावर वाजत होती.

"रघु," म्हणाले. "घे."

रघु जागचा हलला नाही.

"तुम्हीच घाला, अप्पा. मी तुमचा हात धरतो."

"माझा हात कुणी धरायचा नाही. घे म्हटलं ना."

"पुढच्या वर्षी घेतो. यंदा सुधींद्र घालू दे."

सुधींद्र बिचारा गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. आईनं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं अप्पा आता ओरडतील. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी रघुकडं बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, आणि त्यांना कळलं की ह्याला कळलंय.

"घे बाळा," अप्पा म्हणाले. "मला पेलवत नाही आता."

बाळा म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. रघुनंही नसणार. तो पुढं झाला, तलवार घेतली, कपाळाला लावली. कोहळ्यापाशी जाऊन उभा राहिला. मी मनात देवीला म्हटलं, अडकू दे, आणि लगेच म्हटलं, नको, अडकू देऊ नकोस. खरंच सांगते, काय मागावं ते मलाच कळत नव्हतं.

घाव बसला. केळीच्या खांबावर कचकन आवाज झाला आणि कोहळ्याची दोन भकलं दोन बाजूंना पडली.

कोहळ्याकडं कुणी बघितलंच नाही. आम्ही सगळे अप्पांकडं बघत होतो, जणू ते तिथल्या तिथंच जाणार. अप्पा डाव्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरून, डोळे मिटून बसले होते. तेही बहुधा वाटच बघत असावेत. रस्त्यावरून कुणाची तरी हार घातलेली गाडी हॉर्न वाजवत गेली. अप्पांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. आपल्या हातांकडं बघितलं. मग घसा साफ केला.

"आणा इकडं ते," म्हणाले.

सुधींद्रनं एक भकल त्यांच्यापुढं धरलं. अप्पांनी कापावरून डाव्या हाताचा अंगठा फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश. रघु तलवार हातात घेऊन समोर उभा.

"तिरका गेलाय," अप्पा म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजच्या दिवशीसुद्धा? मी बोलणार इतक्यात आईनं माझा हात दाबला.

"हो अप्पा," रघु म्हणाला.

"शेवटाला मनगट सैल सोडलंस. सुरुवात चांगली होती, शेवटाला सोडलंस. पुढच्या वर्षी सोडू नकोस." अप्पा थांबले. आपण काय बोलून गेलो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आल्यासारखं त्यांनी आईकडं बघितलं, मग रघुकडं. "मी हितंच बसून बघणार आहे," म्हणाले.

रघु त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा सगळा ओला झाला होता आणि त्याला तो पुसायचंही भान नव्हतं.

"कुठं तिरका गेलाय, अप्पा? दाखवा," त्यानं विचारलं.

अप्पा बोट ठेवून दाखवायला लागले.